दत्तादादाचे ज्वालामुखी

आमच्या भट्टीच्या मागं स्लॅगचा ढीग आहे. तो कुणी मुद्दाम घातलेला नाही. लोखंड वितळलं की वर घाण तरंगते. ती दर वेळी काढायची आणि मागं टाकायची, एवढंच. पण आता तिथं ट्रक वळत नाही. आमच्या शिफ्टचे किस्सेही असेच साठलेत. कुणी ठरवून काही केलं नाही, पण आता त्यातून बाहेर निघायला वाट राहिली नाही.

दादा गेल्यापासून शिफ्टमधली माणसं घरी येऊन बसतात. आधी रडतात. मग कुणाला तरी दादाचा एखादा किस्सा आठवतो आणि सगळे हसतात. मग माझ्याकडं बघतात आणि गप्प होतात. आपणही हसावं की नाही, हे मला कळत नाही. हसलो तर वहिनी आत ऐकते. नाही हसलो तर दादाच म्हणाला असता, "बारक्या, तोंड काहून पाडून राह्यला?"

दादा म्हणजे दत्ता, माझा मोठा भाऊ. जालन्याच्या एमआयडीसीत, भंगार वितळवून सळया करणाऱ्या कारखान्यात तो मेल्टर होता. भट्टीत काय टाकायचं, करंट किती द्यायचा, माल कधी ओतायचा हे मेल्टर ठरवतो. मी सातवीत शाळा सोडली आणि पुढं त्याच्याच हाताखाली भंगार टाकायला लागलो. आता मालकाचे पुतणे नितीनशेठ यांनी निरोप धाडलाय की भावाच्या जागी भाऊ, पण अमावस्येच्या आत काय ते सांग. आई नको असं म्हणत नाही. तिनं फक्त माझे भट्टीचे बूट कुठंतरी ठेवून दिलेत. विचारलं की म्हणते, "कसले बूट?"

मला काही ठरवता येत नाही. बसलं की किस्सेच आठवतात. आणि दादाचे किस्से म्हणजे सगळे ज्वालामुखीचे.

*

हे वेड त्याला मोबाईलवरून लागलं. एकदा चहाच्या सुट्टीत त्यानं एक व्हिडिओ लावला. कुठल्या तरी समुद्रातलं बेट, डोंगराच्या कुशीतून लालभडक रस निघालाय आणि ओढ्यासारखा वाहतोय. ना आवाज, ना धूर. आम्ही चौघं वाकून बघत होतो. दादा, मी, क्रेन चालवणारा शकीलभाई आणि भगवानमामा.

मामा पिंपळगाव रेणुकाईचे, शिफ्टमधले सगळ्यात जुने. त्यांना पूर्वी मेल्टर करायचं चाललं होतं, पण डोळ्यात मोतीबिंदू निघाला आणि भट्टीकडं बघायच्या निळ्या काचेतून त्यांना काही दिसेना. म्हणून दादाला केलं. त्याचा मामांना राग नव्हता. फक्त दादाचं एकही बोलणं ते सरळ मान्य करायचे नाहीत.

मामांनी मोबाईल डोळ्याच्या अगदी जवळ नेला. बराच वेळ बघितलं. भट्टीतला माल ओतणं म्हणजे आमच्याकडं टॅपिंग, आणि ज्यात ओततात ती मोठी बादली म्हणजे लॅडल.

"हे कोन्या कंपनीचं टॅपिंग हाय?" त्यांनी विचारलं. "लॅडल न्हाई, साचा न्हाई. समदा माल जमिनीवर सांडून राह्यला. मेल्टर कुठं गेला यांचा?"

*

दादानं मग मामांना समजावून सांगायचं मनावरच घेतलं. जेवायच्या सुट्टीत त्यानं दोन डबे पुढं ओढले. मामांच्या डब्यात वरण होतं, शकीलभाईच्या डब्यात पिठलं. खाली पेपर अंथरला आणि काही कळायच्या आत मामांचं वरण त्याच्यावर ओतलं. ते पसरत पसरत पेपरच्या काठापर्यंत गेलं. मग दुसऱ्या पेपरवर पिठलं उलटं केलं. ते तिथंच उभं राहिलं.

दादा म्हणाला, जमिनीच्या खाली खोल दगड वितळतो, हलका होतो आणि वर येतो. तो रस पातळ असला तर लांब पळतो. थरावर थर बसत जातो आणि पालथ्या परातीसारखा डोंगर होतो, बुटका पण लई रुंद. रस दाट असला तर तोंडापाशीच गोठतो. मग उभा, टोकदार डोंगर होतो. त्यात एकदा रस, एकदा राख, असे थर चढत जातात. दाट कशानं होतो? रेतीनं. आपल्या स्लॅगमध्ये रेती जास्त झाली की ती खेचता खेचवत नाही, तसंच.

"आन् दाट रसात हवा कोंडती," दादा म्हणाला. "वरण शिजताना नुसतं उकळतं. पिठलं शिजताना अंगावर उडतं. उडतं का न्हाई, शकीलभाई?"

शकीलभाईनं मनगटावरचा डाग दाखवला. पिठलं त्याची बायको नाही, तो स्वतः करायचा, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मामा वरणाच्या पेपरकडं बघत होते. "समदं समजलं," ते म्हणाले. "आता भाकर कशासंगं खाऊ ते सांग."

"डोंगरासंगं," दादा म्हणाला.

मामांनी पिठल्याच्या डोंगराला भाकरी लावली. दोन घासात शिखर गेलं, तिसऱ्या घासाला अर्धी उतरण. शकीलभाई शेवटी हात जोडून म्हणाला, "मामा, आधा पहाड तो छोडो."

*

दुसऱ्या एका दिवशी दादानं परदेशातल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. तो माणूस मका पेरायला शेतात गेला होता. जमिनीला भेग पडली, धूर निघाला, मग ठिणग्या आणि तापलेले खडे कारंज्यासारखे उडायला लागले. ते उडायचे आणि तोंडाच्या भोवतीच पडायचे. परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोत्यातून ज्वारी ओतली की कसा आपोआप टोकदार ढीग होतो, तसा ढीग होत गेला. एका वर्षात त्या शेतात भला मोठा डोंगर उभा राहिला. दादा म्हणाला, हा सगळ्यात साधा प्रकार. यात रसातला गॅस सोड्यासारखा फसफसून बाहेर पडतो आणि रसाचे तुकडे हवेतच खडे होऊन खाली येतात.

  आपल्या तुरीच्या शेतात डोंगर आला तर काय, असं माझ्या मनात यायला लागलं होतं.

मामांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि विचारलं, "पंचनामा झाला का?"

दादाला माहीत नव्हतं.

"बरं, तो डोंगर सातबाऱ्यावर कोनाच्या नावानं लागला? शेतकऱ्याच्या का सरकारच्या?"

दादानं त्या रात्री घरी येऊन मोबाईलवर हेच शोधलं. मी बघितलंय. सापडलं नाही. पुढं काही विषय नसताना तो मधेच एखाद्या दिवशी म्हणायचा, "मामाचा सवाल बराबर हाय रे."

*

नितीनशेठचा किस्सा कचोरीचा आहे.

तेव्हा आमचं भंगार उघड्यावर पडलेलं असायचं. पाऊस आला की भिजायचं. दाबून केलेल्या गठ्ठ्यांत पाणी राहायचं, वरून दिसायचं नाही. असा एक गठ्ठा भट्टीत गेला आणि बॉम्बसारखा आवाज झाला. वितळलेला माल पत्र्यापर्यंत उडाला. कुणाला काही झालं नाही, कारण त्याच वेळी मामांनी सगळ्यांना चहाला बोलावलं होतं आणि दादा रागावत रागावत खाली उतरला होता.

दादा शेठकडं गेला. भंगारावर शेड पाहिजे म्हणाला. शेठ म्हणाले, एवढंसं पाणी, त्यानं काय होतं? दादा म्हणाला, ज्वालामुखीत हाच एक प्रकार असतो. रस वर यायचीही गरज नाही. खालच्या तापलेल्या दगडाला पाणी लागलं की त्याची वाफ होते, तिला जागा पुरत नाही आणि ती अख्खं टोक उडवते. सरोवराच्या खाली, बर्फाच्या खाली असले स्फोट होतात.

शेठ भले माणूस. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण हे आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. मात्र त्यांना ऐकून काही पटत नाही, बघावं लागतं. दादा म्हणाला, चला दाखवतो. दोघं कारखान्याबाहेरच्या कचोरीवाल्यापाशी गेले. कढईतलं तेल कडकडीत तापलेलं. दादानं गाड्यावरच्या पाण्याच्या जगमध्ये बोटं बुडवली आणि पाणी तेलात झटकलं.

पुढचं मी लांबून बघितलं. कचोरीवाला झारा घेऊन पुढं, दादा त्याच्याही पुढं, आणि सगळ्यात पुढं नितीनशेठ, पांढऱ्या शर्टवर तेलाचे डाग घेऊन.

आठवड्यात शेडचं काम सुरू झालं. दादाच्या तेराव्याला शेठ आमच्या घरी आले होते. दादाच्या फोटोला हार घातला. मग म्हणाले, "दत्ताचं ऐकून शेड बांधली. बरोबरच होतं त्याचं. पण तो कचोरीवाला अजून मला कचोरी देत नाही."

वहिनी आत होती. ती हसली का रडली, मला बाहेरून कळलं नाही.

*

नवीन भट्टीसाठी खड्डा खोदायला घेतला तेव्हा मोठा वाद झाला. वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. तो फोडता फोडता ब्रेकरची टोकं गेली. त्याच्या खाली एकदम लाल मातीचा पट्टा लागला, विटेसारखा. आणि त्या पट्ट्याखाली पुन्हा काळा पाषाण.

दादा खड्ड्यात उतरून बसला. म्हणाला, हा सगळा लाव्हा आहे. आपला अख्खा जिल्हा लाव्ह्याचा आहे. एक लोट आला, थंड झाला. ऊन-पावसानं त्याची वरून माती झाली. मग दुसरा लोट त्याच्यावर आला आणि त्यानं ती माती भाजून लाल केली. म्हणून मधे हा पट्टा.

मामांनी विचारलं, "दोन लोटांच्या मधी किती टाइम गेला?"

"हजारो वर्षं जात असतील."

"हजारो वर्षं सुट्टी," मामा शकीलभाईला म्हणाले. "आन् आपल्याला दिवाळीत दोन दिवस."

पण मामांना खरी अडचण वेगळीच होती. लाव्हा आहे, तर मग ज्वालामुखी कुठं आहे? तोंड कुठं आहे? त्यांनी आधी त्यांच्या गावाजवळच्या धावड्याच्या बाजूचे डोंगर सांगितले. दादा म्हणाला, तेही थरांचेच, तोंड नाही. मग मामांनी छातीठोक सांगितलं की तोंड लोणारला आहे. एवढा मोठा गोल खड्डा, आत पाणी, दुसरं काय असणार? दादालाही ते पटलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आता सगळे असं बोलतात की दादाला सगळंच माहीत होतं. तसं काही नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दोन मोटारसायकलींवर आम्ही चौघं लोणारला गेलो. काठावर उभं राहून मामांनी खाली बघितलं आणि टोपी काढली.  मग तिथल्या एका माणसानं सांगितलं की हे ज्वालामुखीचं तोंड नाही. वरून, आभाळातून दगड येऊन आदळला, त्याचा हा खड्डा.

मामा त्याच्यावर चिडले. "आम्ही खालून आलेलं बघायला आलो," ते म्हणाले, "आन् हा वरून आलेलं दाखवून राह्यला."

परत येताना मामा दादाशी एक शब्द बोलले नाहीत, जसं काही तो दगड दादानंच टाकला होता. दादा मात्र पुढं कितीतरी दिवस मोबाईलमध्ये डोकं घालून होता. मग एक दिवस त्यानं सांगितलं की आपल्याकडं एक तोंड नव्हतंच. उन्हाळ्यात काळ्या रानाला कशा भेगा पडतात, पाय जाईल एवढ्या, लांबच लांब? तशी जमीनच फाटली होती. त्या भेगांतून पातळ रस आला, पुन्हा पुन्हा आला, आणि पसरत गेला. डोंगर झालाच नाही. सपाट देश झाला.

मामांनी पायाखाली बघितलं. मग जरा बाजूला सरकून उभे राहिले.

*

आता जे सांगायचं ते किस्सा आहे का नाही, मला माहीत नाही. पण सगळे सांगतात, म्हणून मीही सांगतो.

मामांनी एकदा दादाला विचारलं की कोणता ज्वालामुखी झोपलेला आणि कोणता मेलेला, हे कसं ओळखायचं. दादा म्हणाला, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गवत असतं, झाडं असतात, लोक वर घरं बांधतात. जो झोपलेला असतो त्याच्या पोटात खाली अजून रस असतो. जमीन हलते, थोडी फुगते, कुठून तरी वास येतो. यंत्रं लावून ऐकत बसावं लागतं. जो मेला, त्याचं खालचं सगळं गार झालेलं असतं. पण शंभर टक्के कुणी सांगत नाही.

मामा म्हणाले, "मंग मला झोपेतून उठवत जाऊ नको. माझं मलाच उठू दे, म्हंजी तुला कळंल."

दादा गेला तो रविवार होता. दादा दुपारी जेवला, बाहेर लिंबाखाली बाजेवर आडवा झाला. भट्टीजवळ इतकी वर्षं काढलेला माणूस, त्याला झोप लागली की आवाज दिला तरी उठायचा नाही. मी त्याच्या शेजारून दोनदा गेलो. एकदा त्याच्या तोंडावरची माशी हाकलली. चहाच्या वेळी वहिनीनं हाक मारली.

डॉक्टर म्हणाले हृदय. लोक येतात आणि विचारतात, भट्टीत काही झालं का? मी म्हणतो, न्हाई. भाजलं का? न्हाई. काही दुखत होतं का, काही बोलला होता का? न्हाई, न्हाई. मग ते माझ्याकडं असे बघतात की मीच काहीतरी लपवतोय. मला खरंच कळत नाही. ना जमीन हलली, ना कुठून वास आला. असला कोणता प्रकार असतो, तो मला दादानं कधी सांगितला नाही.

आमचं गाव परतूरकडं. तिथं नेलं. अख्खी शिफ्ट टेम्पोतून आली होती. गावातल्या माणसांनी सरण रचलं. शकीलभाई आणि मामा लांब उभे होते. थोड्या वेळानं मामांना राहवेना. ते पुढं झाले आणि हळूच म्हणाले की लाकडं लई दाटून रचलीत, खालून हवा जाणार नाही. कुणी ऐकलं नाही. मग मामांनी स्वतःच बाही वर केली. शकीलभाईही आला. आमच्या शिफ्टच्या माणसांनी लाकडं काढून परत रचली, मधे जागा ठेवून, वाऱ्याची दिशा बघून. गावातली माणसं बघत राहिली. कुणीतरी म्हणालं, हे कोण? कुणीतरी म्हणालं, भट्टीवाले.

मी अग्नी दिला. तो खालून सरळ वर गेला. आमच्या भट्टीवर माल ओतायच्या आधी एक हाळी द्यावी लागते, म्हणजे कुणी वाटेत राहू नये. ती हाळी नेहमी दादाच द्यायचा. जाळ वर गेला तसे मामा ओरडले, "सरका!"

आणि सगळी शिफ्ट दोन पावलं मागं सरकली.

नंतर टेम्पोत याच्यावरून सगळे हसले म्हणे. मामाही हसले. मी गावातल्या घरी पायी आलो.

*

शेवटचा किस्सा परवाचा आहे.

अमावस्येला दोन दिवस होते. सकाळी उठलो आणि एकदम ठरवलं की शेठला जाऊन सांगायचं, मला ही जागा नको. मी सळयांच्या ट्रकवर ड्रायव्हरच्या हाताखाली किन्नर होईन, मोंढ्यात पोती उचलीन, पण भट्टीवर चढणार नाही. आईला सांगितलं. तिनं लगेच भाकरी टाकायला घेतल्या. कितीतरी दिवसांनी तिनं मला विचारलं, दोन खाशील का तीन.

मी चप्पल घालूनच कारखान्यात गेलो. शेठ केबिनमध्ये नव्हते. येतील म्हणून मी भट्टीच्या शेडच्या दाराशी थांबलो. आत हीट चालू होती. हीट म्हणजे एका वेळचा माल. दादा गेल्यापासून मामाच कसंबसं सांभाळत होते, एक पोरगा निळ्या काचेतून बघायचा आणि ओरडून त्यांना सांगायचा. मामा वर उभे होते. शकीलभाई क्रेनच्या पिंजऱ्यात.

मला आत बघायचं नव्हतं. पण आवाज येत होता. भट्टी चालू असली की एक घुमणारा आवाज असतो, तो आम्हाला झोपेतही ओळखू येतो. त्या दिवशी तो आवाज वेगळा होता. कसा वेगळा, ते मला अजून सांगता येत नाही. बारीक झाल्यासारखा. लांब गेल्यासारखा.

मी वर चढलो. चढायचं म्हणून चढलो नाही, पाय गेले. भट्टीच्या तोंडात बघितलं तर वर भंगार एकमेकांत अडकून बसलेलं, काळं, जसं काही अजून काही वितळलंच नाही. मामांनाही तसंच वाटलं असणार, म्हणून करंट पूर्ण दिलेला. पण पॅनलचा काटा सांगत होता की करंट खाली कुठंतरी जातोय. म्हणजे वर झाकण बसलं होतं आणि खाली माल उकळत होता, बघायला कुणी नाही, बाहेर पडायला वाट नाही. दादा याच झाकणाला सगळ्यात जास्त भ्यायचा. उभ्या डोंगराच्या तोंडात असाच दाट रस गोठून बूच बसतं, असं तो सांगायचा. वर सगळं शांत. खाली जोर वाढत जातो. वरच्या गावातले लोक म्हणतात, डोंगर थंड झाला.

एक जण लोखंडी पहार घेऊन झाकणाला टोचायला निघाला होता. नेहमी तसंच करतात. पण खाली एवढा जोर असताना भोक पडलं असतं तर सगळा माल त्याच्याच अंगावर आला असता.

मी त्याच्या हातातली पहार हिसकून खाली फेकली. पॅनलकडं पळालो आणि करंट तोडला. मग ओरडलो, उतरा, समदे उतरा. मामांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ते वाद घालतील. आयुष्यभर घातलाय. ते सरळ जिना उतरायला लागले, एक हात कठड्यावर, एक हात त्या पोराच्या खांद्यावर. शकीलभाई क्रेन सोडून शिडीनं उतरला. सगळी शिफ्ट बाहेर उन्हात येऊन उभी राहिली.

आम्ही वाट बघितली.

काही झालं नाही. कावळा पत्र्यावर बसला होता, तोही उडाला नाही. कुणीतरी बिडी पेटवली. मी शेडकडं बघत होतो. फुटलं पाहिजे असं मला वाटत होतं, आणि फुटू नये असंही. फुटलं असतं तर निदान कळलं असतं. आत माल हळूहळू गार होत चालला होता, म्हणजे भट्टीतच जाम होणार, आतलं अस्तर फोडून काढावं लागणार, दोन-तीन दिवस कारखाना बंद. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.  पण आत जाऊन बघू असं कुणी म्हणालं नाही.

मग नितीनशेठची गाडी आली. ते उतरले, बाहेर उभी शिफ्ट बघितली, गप्प पडलेली शेड बघितली.

"करंट कुणी तोडला?"

 मामांनी घसा खाकरला.

"मी विचारतोय, हीट चालू असताना करंट कुणी तोडला?"

शकीलभाई म्हणाला, "मेल्टरने."

"कोणत्या मेल्टरनं?" शेठ म्हणाले. "मेल्टर आहे कुठं आपल्याकडं?"

सगळे खाली बघत होते. मी हात वर केला.